प्रेमकथाकारांचा लेखनगट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात प्रेमकथा आणि प्रणयकादंबऱ्या लिहिणारे चार-पाच जण एकत्र बसून एकमेकांचे खर्डे तपासू लागले, की थोड्याफार फरकाने तेच प्रश्न पडतात. सुरुवातीला ते कथेबद्दल असतात आणि वर्षभराने मैत्रीबद्दल. त्यामुळे दोन्ही इथे आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लेखनगट आणि वाचनकट्टा यांत फरक काय?

कट्ट्यावर पूर्ण झालेली कथा वाचतात, लोक दाद देतात. कार्यशाळेत कोणीतरी शिकवणारं असतं. लेखनगटात शिकवणारं कोणी नाही. सगळे लिहिणारे आणि सगळे एकमेकांचे कच्चे खर्डे वाचणारे. खर्डा कच्चा असणं ही अटच समजा. छापून आलेल्या कथेत बदल करता येत नाही, त्यामुळे त्यावर अभिप्राय मागणाऱ्याला खरं तर कौतुक हवं असतं. ते जरूर करावं, पण चहाच्या वेळी.

२. प्रेमकथेसाठी वेगळा गट कशाला? कुठल्याही साहित्यिक गटात चालणार नाही का?

चालेल, पण तिथे एक जण हमखास म्हणतो, “शेवटी दोघं एकत्र येणारच, मग वाचायचं कशाला?” प्रेमकथेचा शेवट वाचकाला आधीच माहीत असतो आणि तो मिळणार या भरवशावरच तो पुस्तक उघडतो. गंमत असते ती ‘कसं जमलं’ यात. हे ज्याला मान्य नाही तो तुम्हाला नायिकेला मारायला लावेल आणि त्याला वास्तव म्हणेल. सगळ्यांनी एकाच पठडीतलं लिहावं असं नाही, पण गटातल्या प्रत्येकाने प्रेमकथा आवडीने वाचलेल्या हव्यात.

३. किती सदस्य असावेत?

चार ते सहा. पाच असतील तर उत्तम, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. पंधरा दिवसांनी एक बैठक आणि बैठकीत दोन खर्डे धरले, तर पाच जणांत प्रत्येकाची पाळी सरासरी पाच आठवड्यांनी येते. आठ जण झाले की आठ आठवड्यांनी, तोवर मागचं प्रकरण वाचणारे विसरलेले असतात. तिघांच्या गटात एक आजारी पडला की बैठक बुडते.

कादंबरीकारांनी आणखी एक हिशेब करावा. ५०,००० शब्दांची कादंबरी ३,००० शब्दांच्या हप्त्यांनी गटासमोर आणली तर १७ हप्ते होतात, म्हणजे पाच जणांच्या गटात ८५ आठवडे. दीड वर्षाहून जास्त! म्हणून सगळी प्रकरणं आणू नयेत. पहिली तीन, मधलं वळण, ताटातूट आणि शेवट एवढं गटाला द्यावं. पूर्ण खर्डा तयार झाला की एक-दोन सदस्यांनी तो सलग वाचावा, महिन्याभराची मुदत घेऊन.

४. भेटायचं कुठे आणि कधी?

रविवारी सकाळी साडेनऊ ते बारा ही वेळ सगळ्यात जास्त टिकते. हिंजवडी किंवा खराडीत नोकरी करणारा सदस्य कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला सदाशिव पेठेत हजर होईल, हे गृहीत धरू नका. जागा आळीपाळीने घरांचीच बरी. नवी पेठेत अभ्यासिका खूप आहेत, पण तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात आणि बोलायला बंदी असते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या नावाजलेल्या उपाहारगृहांत रविवारी सकाळी बाहेर माणसं ताटकळत असतात. अडीच तास टेबल अडवणं बरं दिसत नाही. शिवाय पहिल्या चुंबनाची चर्चा शेजारच्या आजोबांच्या देखत होत नाही, हेही आहेच.

वर्षाच्या सुरुवातीलाच काही तारखा वगळा: पालख्या पुण्यात मुक्कामी असतात ते दिवस आणि गणेशोत्सवाचे दहा. पावसाळ्यात नदीकाठच्या भागात संध्याकाळी जमू नका. ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही.

५. खर्डा कसा आणि किती आधी पाठवायचा?

किमान सहा दिवस आधी, २,००० ते ३,००० शब्द. युनिकोड फॉन्ट, आकार १४, ओळींमध्ये दीडपट अंतर, पानांना आणि ओळींना क्रमांक. ओळ-क्रमांक नसले की बैठकीतली दहा मिनिटं “कुठे? ते खाली बघ, ‘ती हसली’ च्या नंतर” यात जातात. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली तर जोडाक्षरांचा चिवडा होतो, तेव्हा आधी रूपांतर करून घ्या आणि र्‍हस्व-दीर्घ पुन्हा तपासा.

एकाच गूगल डॉकवर सगळ्यांनी शेरे मारणं सोयीचं वाटतं, पण पहिला शेरा ज्याचा, बाकीचे नकळत त्याच्यामागे जातात. प्रत्येकाने आपली वेगळी प्रत करावी आणि ती बैठकीनंतरच लेखकाला द्यावी. खर्ड्याच्या वर लेखकाने दोन गोष्टी लिहाव्यात: हा कितवा खर्डा आहे आणि मला नेमकं काय विचारायचं आहे. “कसं वाटलं सांगा” हा प्रश्न होत नाही. “नीरजाचा नकार पटतो का?” हा होतो.

६. बैठकीत कोण कधी बोलतं?

एका खर्ड्याला एक तास. पाच जणांच्या गटात चौघं वाचक प्रत्येकी सात मिनिटं बोलतात, तोपर्यंत लेखक फक्त लिहून घेतो. मग दहा मिनिटं लेखकाचे प्रश्न आणि उरलेली वीस-बावीस मोकळी चर्चा. घड्याळ सांभाळायला एक जण नेमा, दर बैठकीला वेगळा.

लेखकाने गप्प बसायचं हा नियम सगळ्यांना जाचतो आणि सगळ्यात आधी हाच मोडतो. पण लेखकाने “नाही, त्याचं असं आहे की…” म्हणून समजावलं की वाचकाची अडचण तिथल्या तिथे मिटते आणि कागदावर तशीच राहते. पुस्तक विकत घेणाऱ्याला समजावायला तुम्ही त्याच्या घरी जाणार नाही.

७. ‘छान जमलंय’ याच्या पुढे काय लिहायचं ते सुचतच नाही. अभिप्राय कसा द्यायचा?

तीन गोष्टी सांगा: कुठे, तुमचं वाचताना काय झालं, आणि कशामुळे. उपाय लेखकावर सोडा. उदाहरणासाठी बनवलेल्या या तीन ओळी घ्या:

*स्वारगेटच्या स्टँडवर मीराला पाहताच अनिकेतच्या काळजाचा ठोका चुकला. तिचे टपोरे डोळे तसेच होते.*
*“तुम्ही इकडे कुठे?” त्याने विचारलं.*
*“कोल्हापूरची गाडी. तू?”*

“काळजाचा ठोका गुळगुळीत झालाय, काढून टाक” हा शेरा खोटा नाही, पण त्यातून पुढे काही मिळत नाही. याउलट हा शेरा पाहा: “ओळ १ ते ३. ‘तसेच’ मुळे जुनी ओळख आहे असं वाटलं. मग तो ‘तुम्ही’ म्हणतो आणि ती सरळ ‘तू’ म्हणते, तेव्हा तो मुद्दाम अंतर ठेवतोय आणि ती ते मोडतेय असं वाटून मला मजा आली. पण पान ३ वर ती त्याला आडनाव विचारते, तिथे मी गोंधळले.” लेखिकेने ‘तू’ अनवधानाने लिहिलं असेल, तरी त्यात प्रसंग दडला आहे हे तिला या शेऱ्यातून कळेल.

जे जमलंय तेही याच पद्धतीने सांगा. “ओळ ३ वाचून हसू आलं, कारण…” यातून लेखिकेला पुढच्या खर्ड्यात काय सांभाळायचं ते कळतं. शुद्धलेखन बैठकीत काढू नये, प्रतीवर खूण पुरे. नाहीतर ‘कि’ आणि ‘की’ वरून अर्धा तास जातो. सगळे पुणेकर असतील तर एक तास.

८. प्रेमकथेत वाचकाने खास काय तपासावं?

आधी अडथळा. तिने त्याला कोणा मुलीबरोबर पाहिलं, ती त्याची मावसबहीण निघाली, आणि मध्ये बारा प्रकरणं गेली. एका फोनने सुटणाऱ्या गैरसमजावर कादंबरी उभी राहत नाही. खरं बोललं तर दोघांपैकी प्रत्येकाचं काय जाईल, हे वाचकाने लेखकाला विचारावं. उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर अडथळा बदलायला हवा.

मग नकार. ती नाही म्हणाल्यावर तो तिच्या ऑफिसखाली रोज उभा राहतो, हे लेखकाला निष्ठा वाटू शकतं आणि वाचणारीला पाठलाग. अशा जागी स्पष्ट बोला, संकोच नको. ठरवून होणाऱ्या लग्नाच्या कथेत तर निवड दिसायलाच हवी: कांदेपोहे झाले, पत्रिका जुळल्या, पण या दोघांनी एकमेकांना कधी निवडलं तो क्षण पानावर आहे का?

संबोधनांचा एक छोटा तक्ता करा. कोण कोणाला तू, तुम्ही, अहो म्हणतं आणि कितव्या प्रकरणापासून. दोघांमधलं अंतर मिटत असताना लेखकाचा हात इथेच घसरतो. आणि भूगोल बघाच. शुक्रवारी संध्याकाळी सहाला नायक कोथरूडहून विमाननगरला पंधरा मिनिटांत पोहोचला, की पुण्यातला वाचक पुस्तक मिटतो.

९. शृंगारिक प्रसंगांचं काय? गटात काकूही आहेत आणि कॉलेजातली मुलंही.

खर्ड्याच्या वरच पातळी लिहा: फक्त ओढ, चुंबनापर्यंत, दार बंद होईपर्यंत, दाराच्या आत. कोणाला कोणती पातळी वाचायची नाही हे गट सुरू होतानाच विचारून ठेवा. ‘मी हे वाचणार नाही’ म्हणण्यासाठी कारण द्यावं लागू नये. असे प्रसंग बैठकीत मोठ्याने वाचू नयेत, चर्चा ओळ-क्रमांकांवरून करावी. असा खर्डा व्हॉट्सअॅपवर फिरवू नये, कारण तो फॉरवर्ड व्हायला एक चुकीचा स्पर्श पुरतो. गटात १८ पूर्ण झालेलेच सदस्य घ्या, आणि प्रसंगातली दोन्ही पात्रंही सज्ञान हवीत. यात तडजोड नाही.

चर्चा कशाची करायची? प्रसंगाआधी आणि नंतर दोघांच्या नात्यात काय बदललं, संमती दिसते का, आणि हात-पाय जागेवर आहेत का. तिसरा मुद्दा विनोदी वाटतो, पण तीन हातांचा नायक खर्ड्यांत वरचेवर सापडतो.

१०. गटातल्या एक ताई वयाने आणि नावाने मोठ्या आहेत. त्यांच्या कथेवर कोणी काही बोलतच नाही.

बोलण्याचा क्रम उलटा करा: सगळ्यात धाकटा पहिला, सगळ्यात ज्येष्ठ शेवटी. ताईंचं मत एकदा पडलं की त्याविरुद्ध कोणी जात नाही. अभिप्राय आधी लेखी असेल तर (प्रश्न ५) ऐनवेळी तो गिळताही येत नाही. ताईंना ताईच म्हणा आणि ‘तुम्ही’ च म्हणा. मान ठेवून “पान ६ वर मी कंटाळलो” असं म्हणता येतं. मात्र ताईंनाच टीका नको असेल आणि फक्त मार्गदर्शन करायचं असेल, तर त्यांना वर्षातून एकदा पाहुण्या म्हणून बोलवावं. सदस्यत्व खर्डा देणाऱ्यांचं आणि खर्डा फाडून घेणाऱ्यांचं असतं.

११. चौघांनी चार वेगवेगळी मतं दिली. ऐकायचं कोणाचं?

उपायांकडे दुर्लक्ष करा, जागा मोजा. तिघं एकाच पानावर अडखळले असतील तर तिथे काहीतरी बिघडलं आहे, मग कारणं तिघांची तीन का असेनात. बऱ्याचदा दुखणं दोन पानं आधीचं असतं. एकट्याचाच आक्षेप असेल तर आठवडाभर बाजूला ठेवा. त्यानंतरही टोचत राहिला तर तो बरोबर असतो.

१२. अभिप्राय फार लागला. मैत्रिणीशी बोलणं बंद आहे. आता?

आधी प्रत काढून शेरा पुन्हा वाचा. तो मजकुराबद्दल आहे (“नायिका स्वार्थी वाटली”) की तुमच्याबद्दल (“तुला बायका कळतच नाहीत”)? पहिला असेल तर तीन-चार दिवस जाऊ द्या आणि मग उत्तर द्या. दुसरा असेल तर गटात नाही, तिच्याशी एकटीशी बोला आणि नेमकं वाक्य सांगा. व्हॉट्सअॅपवर हे करू नका, तिथे टाइप केलेली ‘बरं’ सुद्धा फणकाऱ्याने वाचली जाते.

एक व्यवस्था मात्र आधीपासून हवी: व्हॉट्सअॅपचे दोन गट. एकात तारखा, फाइली आणि कामाचं बोलणं. दुसऱ्यात वाढदिवस, पाककृती, सासूबाई. हे एकत्र असले की केकच्या फोटोखाली कोणीतरी “प्रकरण ४ पाहिलं, जरा निराशा झाली” लिहितो.

१३. मी मैत्रीत सांगितलेली माझ्या घटस्फोटाची गोष्ट तिने कथेत वापरली. नियम काय सांगतो?

गटाचा नियम असा असावा: चहाच्या वेळी सांगितलेलं चहाच्या वेळेचं. वापरायचं असेल तर लिहिण्याआधी विचारायचं, छापण्याआधी नाही. होकार मिळाला तरी शहर, व्यवसाय, मुलांची संख्या आणि भांडणाचं कारण यांतल्या किमान तीन गोष्टी बदलाव्यात, आणि खर्डा गटात आणण्याआधी जिची गोष्ट तिला दाखवावा. ‘नाव बदललंय ना’ हे पुरेसं नाही. पुण्यात नातलगांना नाव लागत नाही, गल्ली आणि गाडीचा रंग पुरतो.

१४. माझी कल्पना गटातल्या कोणी चोरली तर?

कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो कल्पना ज्या शब्दांत आणि मांडणीत उतरते तिच्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स खटल्यात हेच स्पष्ट केलं. ‘खोटा साखरपुडा आणि मग खरं प्रेम’ हे कोणा एकाचं नाही. मजकुरावरचा हक्क मात्र तो लिहिल्याक्षणी निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. पुरावा म्हणून करायची असेल तर साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये. ईमेलने पाठवलेले तारीखवार खर्डेही जपून ठेवा.

व्यवहारात चोरीपेक्षा सरमिसळ जास्त होते. वर्षभर एकमेकांचं वाचून दोघांच्या नायिका एकाच वेळी बेकरी उघडतात. लक्षात आलं की लगेच सांगा. जिचा खर्डा पुढे गेलेला आहे तिने बेकरी ठेवावी.

१५. आम्ही दोघी मिळून कादंबरी लिहितोय. आधी काय ठरवावं?

पद्धत. एकीने नायिकेची आणि दुसरीने नायकाची प्रकरणं लिहिणं सोपं पडतं. प्रथमपुरुषी निवेदन असेल तर ‘मी गेले’, ‘मी गेलो’ यावरूनच वाचकाला कोण बोलतंय ते कळतं. तृतीयपुरुषात मात्र दोन हात उघडे पडतात, म्हणून एक सामाईक पत्रक ठेवा: ‘केलं’ की ‘केले’, संवादांना अवतरणचिन्हं कोणती, संबोधनांचा तक्ता (प्रश्न ८), घटनांचं कॅलेंडर. शेवटचा हात संपूर्ण खर्ड्यावरून एकीनेच फिरवावा आणि दुसरीने तेव्हा शब्दांसाठी भांडू नये.

मग कागद. दोघींचा वाटा वेगळा काढता येत नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती संयुक्त कृती ठरते, आणि हक्क दोघींपैकी नंतर वारणाऱ्या लेखिकेच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. म्हणजे हे प्रकरण तुमच्या नातवंडांपर्यंत जातं. मानधनाचे वाटे, मुखपृष्ठावर नावांचा क्रम, एकीने मध्येच सोडलं तर मजकूर कोणाचा, पुढचा भाग एकटीने लिहिता येईल का, ऑडिओ आणि वेब मालिकेचं बोलणं कोणी करायचं: दोन पानांवर लिहून दोघींनी सह्या करा. हे कागद प्रकरण पहिलं लिहिण्याआधी होतात. पैसे आल्यावर होत नाहीत.

१६. गटातल्या तिघांना एकाच दिवाळी अंकाला कथा पाठवायच्या आहेत.

पाठवा. संपादक निवडेल. फक्त एकमेकांपासून लपवू नका आणि एकच कथा दोन अंकांना एकदम देऊ नका. अंकांचं काम पावसाळ्यात रंगात येतं, म्हणून खर्डा एप्रिलमध्ये गटात, दुरुस्त प्रत मेअखेर आणि पाठवणी जूनमध्ये असं धरून चाला. बहुतेक अंक अप्रकाशित कथाच मागतात आणि अॅपवर किंवा फेसबुकवर टाकलेली कथा अनेक संपादक प्रकाशित धरतात. पाच जणांच्या बंद गटात फिरलेला खर्डा तसा धरत नाहीत.

१७. एक सदस्य आमचे खर्डे एआयला देऊन अभिप्राय आणतो. चालतं का?

लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय अजिबात नाही. दुसऱ्याचा अप्रकाशित मजकूर कुठल्याही बाहेरच्या साधनात टाकणं म्हणजे तो त्याला न विचारता बाहेर देणं. शिवाय गटात वाचकाचा कंटाळा, हसू आणि चीड हवी असते. ती उसनी आणून उपयोग नाही. स्वतःच्या खर्ड्यावर कोणी काय वापरतो ते त्याने गटाला सांगावं, म्हणजे नंतर कुजबुज होत नाही.

१८. एकीची कादंबरी निघाली, वाचकही भरपूर. आता गटात अवघडलेपण आलंय.

हेवा वाटणारच, त्याचा बाऊ करू नका. कामाच्या बाजूने दोन गोष्टी करा. तिचे खर्डे आता हात राखून वाचले जातील किंवा मुद्दाम कडक. दोन्ही टाळायला पहिले सहा महिने तिच्या खर्ड्यावरचे अभिप्राय फक्त लेखी घ्या. आणि तिने प्रकाशकाचा नंबर वाटत सुटू नये, इतरांनी मागूही नये. एखादा खर्डा खरंच तयार आहे असं तिला वाटलं तर तिने आपणहून शब्द टाकावा. ऋणनिर्देशात सगळ्यांची नावं घालण्याआधी विचारा. घरी न सांगता प्रणयकथा लिहिणारे सदस्य असतात.

१९. एखाद्याला गटातून काढायचं कसं?

तीन वेळा न वाचता आला तर आपोआप बाहेर, हे सुरुवातीलाच लिहून ठेवा म्हणजे काढावं लागत नाही. बाकी कारणांसाठी एकाने प्रत्यक्ष भेटून सांगावं. गुपचूप नवा व्हॉट्सअॅप गट काढून जुना ओस पाडणं ही पद्धत लोकप्रिय आहे आणि नीच आहे. जाणाऱ्याच्या प्रती त्याला परत द्याव्यात, आपल्याकडच्या पुसून टाकाव्यात.

२०. गटातल्याच दोघांचं जमलंय. आणि समजा, नंतर मोडलं तर?

जमलं तर अडचण एवढीच, की ते एकमेकांच्या खर्ड्याची वकिली करतात. दोघांनी बोलण्याच्या क्रमात एकामागोमाग येऊ नये, आणि बैठकीआधी घरी एकमेकांच्या प्रकरणावर बोलू नये. (बोलतातच. निदान शेरे वेगळे लिहावेत.) मोडलं तर दोन महिने दोघांनी आलटून पालटून यावं आणि एकमेकांचे खर्डे वाचू नयेत. तोवर कोणी कोणाची बाजू घेण्यासाठी बैठक वापरली तर घड्याळ सांभाळणाऱ्याने थांबवावं. त्या काळात दोघांपैकी कोणी ताटातुटीचं प्रकरण आणलंच, तर प्रश्न १३ चा नियम लागू: दुसऱ्याला आधी विचारलंय का, हे खर्डा उघडण्यापूर्वी विचारा.